सूर लागतो, टिकत नाही

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला आलेल्या माणसाकडे दुकानात उभं राहून जरा बघा. तो भिंतीवरची गिटार उतरवतो, ॲम्पला जोडतो, दोन-चार कॉर्ड वाजवतो, डिस्टॉर्शन चढवून एखादा सोलोचा तुकडा वाजवतो आणि म्हणतो, "टोन भारी आहे." मग पिकअप कोणते, लाकूड कोणतं, रंग कोणता, ईएमआय किती. यूट्यूबवरचे रिव्ह्यूही याच क्रमानं जातात. 'दहा मिनिटं जोरात वाजवल्यावर ही सुरात राहते का?' हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदं आहेत. सूर लागणं आणि सूर टिकणं. पहिल्यासाठी आता फार कष्ट नाहीत. फोनवर फुकटचं ट्यूनर ॲप असतं, सुई हिरवी झाली की सूर लागला. दुसरं मात्र ॲपच्या हातात नाही. ते गिटार कशी बांधली आहे यावर ठरतं, आणि बहुतेक वेळा अशा जागेवर, जिच्याकडे विकत घेताना कुणाचं लक्षही जात नाही.

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे डेमोत नीट चालणारं आणि प्रॉडक्शनमध्ये कोसळणारं सॉफ्टवेअर रोजच दिसतं. त्यामुळे दुकानातली गिटार ही डेमो आहे, एवढं मला लगेच पटलं. प्रॉडक्शन म्हणजे काय, हे समजायला थोडं गणित करावं लागलं.

*

गिटारची तिसरी तार घ्या, जी सुटी वाजवली की 'जी' सूर देते. सर्रास वापरल्या जाणाऱ्या १०-४६ च्या सेटमध्ये ही साध्या स्टीलची तार ०.०१७ इंच, म्हणजे सुमारे ०.४३ मिलिमीटर जाडीची असते. स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारवर नटपासून ब्रिजपर्यंत तिची लांबी ६४८ मिलिमीटर. नट म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाला असलेली खाचांची छोटी पट्टी. तिच्यातून तारा पुढे खुंट्यांकडे जातात. या तारेला 'जी' सुरावर आणायला साधारण साडेसात किलोचा ताण लागतो. सहाही तारांचा ताण एकत्र केला तर तो सुमारे ४७ किलो होतो. एक सडपातळ माणूस त्या गळ्याला चोवीस तास लटकलेला आहे, असं समजा.

आता प्रश्न असा की साडेसात किलो ताण दिल्यावर ती तार किती लांबते? इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकलेलं सूत्र इथे पुरतं. उत्तर येतं सुमारे १.६ मिलिमीटर. बस्स. ढिल्या तारेपासून नेमक्या सुरापर्यंतचा सगळा प्रवास दीड मिलिमीटरच्या थोडा पुढे संपतो.

म्हणजे त्या दीड मिलिमीटरमध्ये झालेली बारीकशी गडबडही कानाला कळणार. वाजणाऱ्या भागात तार ०.०२ मिलिमीटर जास्त आली, तर ताण सव्वा टक्क्यानं कमी होतो आणि सूर सुमारे १० सेंटनं उतरतो. सेंट म्हणजे शेजारशेजारच्या दोन फ्रेटमधल्या अंतराचा शंभरावा भाग. १० सेंटचा फरक कॉर्डमध्ये सरावलेल्या कानाला खुपतो. आणि ०.०२ मिलिमीटर म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा तिसरा-चौथा हिस्सा.

हा आकडा कळल्यापासून गिटार बेसूर का होते यापेक्षा ती सुरात राहते तरी कशी, याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

*

माझ्याकडे असलेली गिटार मुळात माझ्या हॉस्टेलच्या रूममेटची. तो अकोल्याचा. दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत एका दुकानात काम करून त्यानं पैसे साठवले आणि स्ट्रॅटसारखी दिसणारी एक स्वस्त गिटार घेतली. ब्रँडचं नाव सांगण्यात अर्थ नाही. त्या किमतीच्या पाच वेगवेगळ्या नावांच्या गिटारी शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येऊ नये, अशी ती होती.

पोरगा मेहनती होता. रोज रात्री मेस झाल्यावर तासभर बसायचा. आधी ॲप लावून सहाही तारा हिरव्या करायचा, मग वाजवायला लागायचा. दोन मिनिटांत कॉर्ड आंबट व्हायचे. तो पुन्हा ॲप लावायचा. एखादी तार बोटानं ओढून बेंड केली की ती तार उतरायची. व्हॅमी बार दाबला की उलट तारा चढायच्या. कॉलेजच्या म्युझिक क्लबमधल्या एका सीनियरनं त्याचं वाजवणं पाच मिनिटं ऐकलं आणि सांगितलं, "तुझा कानच तयार नाही रे. गिटार सोड, ड्रम्स बघ."

सहा महिन्यांनी त्यानं गिटार कपाटावर टाकली. शेवटच्या वर्षी खोली रिकामी करताना मला म्हणाला, "अबे, तू घेऊन टाक. मला कानच नाहीये." मी त्याला ३,५०० रुपये दिले.

त्याला कान नव्हता, हे मला तेव्हाही विचित्र वाटलं होतं. ज्याला कान नाही त्याला आपली गिटार बेसूर झाली हे कळणारच नाही. याला दर दोन मिनिटांनी कळत होतं.

*

नोकरी लागल्यावर पुण्यात एका गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे मी ती घेऊन गेलो. पेठेतल्या जुन्या इमारतीतली एक खोली, टेबलावर कानशी, डिंक, हाडाचे पांढरे तुकडे. त्यांनी गिटार ॲम्पला जोडलीच नाही. 'जी'ची खुंटी हळूहळू फिरवली आणि कान नटजवळ नेला. टिंक. आणखी थोडी फिरवली. टिंक.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "तार खाचेत अडकते. तुम्ही खुंटी फिरवताय, ती सरकत नाही. ताण वाढत जातो आणि मग एकदम उडी मारते."

एवढ्याशा आवाजात सगळं होतं. बेंड करताना वाजणाऱ्या भागातला ताण वाढतो. मग नटच्या मागून, खुंटीच्या बाजूनं, थोडी तार पुढे खेचली जाते. बोट सोडल्यावर ती तेवढीच मागे जायला हवी. खाच खरखरीत किंवा अरुंद असेल तर ती पूर्ण मागे जात नाही. वाजणाऱ्या भागात केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी तार जास्त उरते आणि सूर उतरतो. व्हॅमी बार दाबताना बरोबर उलटं होतं. पुढचा ताण कमी होतो, तार मागे खुंटीकडे ओढली जाते, आणि बार सोडल्यावर ती पूर्ण पुढे येत नाही. सूर चढलेला राहतो. बेंडनंतर उतरणं आणि बारनंतर चढणं ही जोडी दिसली, की निदान जवळजवळ पक्कं: तार नटमध्ये अडकते आहे. माझा रूममेट सहा महिने हीच दोन लक्षणं अचूक सांगत होता. त्याचा अर्थ लावणारं कुणी भेटलं नाही, एवढंच.

कारागिरानं प्लास्टिकचा नट काढून हाडाचा बसवला, प्रत्येक तारेच्या जाडीप्रमाणे वेगळ्या कानशीनं खाचा घासल्या, त्यांचा उतार खुंट्यांच्या दिशेनं केला. खुंट्यांवर तारांचे सात-आठ वेढे एकमेकांवर चढले होते. ते काढून दोन-तीनच, एकाखाली एक, नीट घातले. एका खाचेत पेन्सिलचं शिसं घासून दाखवलं. ग्राफाइट हे स्वस्तातलं वंगण. सगळे मिळून १,२०० रुपये झाले. खुंट्या त्याच ठेवल्या. "लोक आधी खुंट्या बदलतात," ते म्हणाले. "त्या बिचाऱ्यांचा दोष फार कमी वेळा असतो."

त्यांनी आणखी एक सवय लावली. सूर वरून खाली आणायचा नाही. तार चढली असेल तर आधी सुराच्या खाली उतरवायची आणि मग वर चढत सुरावर थांबायचं. खुंटीच्या दात्यांमध्ये थोडी सैल जागा असते. वर चढत थांबलं की ती जागा ताणाखाली दाबली जाते. उतरत थांबलं तर नंतर वाजवताना तार ती सैल जागा खाते आणि सूर निसटतो.

*

ही दुखणी फक्त स्वस्त गिटारींची नाहीत. इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासातल्या मोठ्या डिझाइनमध्येही हा प्रश्न सतत डोकं वर काढतो, आणि प्रत्येकानं त्याची किंमत वेगळ्या जागी मोजली आहे.

लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ मध्ये आलेल्या त्याच्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये सहाही खुंट्या एकाच बाजूला रांगेत आहेत. त्यामुळे प्रत्येक तार नटमधून जवळपास सरळ रेषेत खुंटीकडे जाते. वळण कमी, घर्षण कमी. गळा चार स्क्रूंनी बसवलेला, म्हणजे बिघडला तर काढून दुसरा लावता येतो. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही विचार करण्याची पद्धत आहे. पण त्याच गिटारवर त्यानं तरंगता ब्रिजही दिला. एका बाजूला तारांचा ताण, दुसऱ्या बाजूला मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांचा, आणि मधे सहा स्क्रूंवर झुलणारा ब्रिज. बार दाबून सोडल्यावर तो केसाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही चुकता परत यायला नको. म्हणजे एका हातानं सोडवलेला प्रश्न त्यानं दुसऱ्या हातानं पुन्हा तयार केला, आणि त्या बारमुळेच पुढच्या पिढ्यांना नवे आवाज सापडले.

गिब्सनची १९५२ मध्ये आलेली लेस पॉल वेगळ्या परंपरेतली. व्हायोलिनसारखा चिकटवलेला गळा, मागे झुकलेलं डोकं, दोन्ही बाजूंना तीन-तीन खुंट्या. दिसायला देखणी. पण या रचनेत मधल्या दोन तारा, 'डी' आणि 'जी', नटमधून बाहेर पडताच बाजूला वळतात. शिवाय डोकं झुकलेलं असल्यानं खालीही वळतात. दोन दिशांची वळणं एका खाचेत. लेस पॉल वाजवणारे 'जी' तारेच्या नावानं बोटं मोडतात ते यामुळे. गिटार महाग असली तरी भूमिती बदलत नाही. तिथेही खाच चांगली घासलेली असणं हाच उपाय.

तिसरा मार्ग फ्लॉइड रोझ या गिटारवादकाचा. सत्तरच्या दशकात तो दागिने घडवण्याचंही काम करायचा, त्यामुळे धातूत बारीक काम करायची हत्यारं त्याच्याकडे होती. त्यानं घर्षण कमी करण्याचा नादच सोडला. तार नटवरच स्क्रूनं आवळून टाकली. ब्रिजच्या टोकालाही आवळली. तार सरकायला जागाच उरली नाही, तर अडकणार कुठे? एडी व्हॅन हेलननं ही यंत्रणा सुरुवातीच्या काळातच उचलली आणि ऐंशीच्या दशकातल्या मेटलचा आवाज तिच्यावर उभा राहिला. बार लाकडाला टेकेपर्यंत दाबा, सोडा, सूर जागेवर. किंमत अशी की तार बदलायला ॲलन की लागते आणि भरपूर वेळ. आणि मैफलीत एक तार तुटली की स्प्रिंगांचा तोल बिघडून उरलेल्या पाचही बेसूर होतात.

आपल्याला बिनतोड असं काही मिळत नाही. कुठे काय सोसायचं, एवढंच निवडता येतं.

*

मग स्वस्त गिटारीत पैसे नेमके कुठे वाचवतात? लाकूड कापायचं काम आता संगणकावर चालणारी यंत्रं करतात. त्यामुळे गळा आणि बॉडी यांची मापं पूर्वीपेक्षा खूप नेमकी आली आहेत, स्वस्तातही. रंग चकचकीत असतो, कारण तो दुकानात दिसतो. नट घासायला मात्र माणूस बसवावा लागतो. सहा खाचा, सहा वेगळ्या कानशी आणि ज्याला 'इथे थांबायचं' हे कळतं असा हात. खाच थोडी जास्त खोल गेली की तार फ्रेटवर खरखरते आणि नट फुकट. म्हणून घाईतला कारखाना खाचा उथळ आणि अरुंद सोडतो. उथळ नटमुळे दुसरा त्रास होतो. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार जास्त दाबावी लागते, त्या दाबानंच ती ताणली जाते आणि सूर चढतो. नव्यानं शिकणारा नेमका तिथेच, पहिल्या तीन फ्रेटमध्ये वाजवत असतो.

म्हणजे ज्याला गिटारच्या मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच्याच हातात सगळ्यात कमी मदत करणारी गिटार पडते. मुरलेला वादक वाईट गिटारलाही बोटाच्या दाबानं सावरून घेतो. नवशिक्याला दोष कुठे आहे हेच ठाऊक नसतं, म्हणून तो स्वतःकडे घेतो.

*

माझी आत्या सांगलीची. गाणं शिकलेली. तिच्याकडे मिरजेत बनवलेला तंबोरा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिनं फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला होता. नवा नट बसवलेली गिटार मी तिला ऐकवली. ॲप लावून, सगळ्या तारा हिरव्या करून 'ई मेजर' वाजवला. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"आता टिकतोय रे सूर," ती म्हणाली. "पण तुझा गंधार चढा आहे."

तिचं बरोबर होतं. गिटारचे फ्रेट एका तडजोडीवर बसवलेले असतात. सप्तकाचे बारा समान भाग, प्रत्येक १०० सेंटचा. या हिशेबात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याची खर्जाची तार झंकारताना तिच्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो ३८६ सेंटवर असतो. १४ सेंटचा फरक. आत्यानं तो ॲपशिवाय पकडला. ही तडजोड पत्करल्यामुळे गिटारवर कुठल्याही पट्टीत कॉर्ड वाजवता येतात आणि सगळे सारखेच, किंचित, खोटे वाजतात. हा दोष लपवलेला नाही, सगळ्यांनी मान्य केलेला आहे. नटमध्ये अडकणारी तार कुणीच मान्य केलेली नसते.

आत्याच्या तंबोऱ्यात सूर जुळवायची सोय तीन ठिकाणी आहे: खुंट्या, बारीक फरकासाठी घोडीखालचे मणी, आणि जवारीवर सरकवायचा दोरा. गाणं सुरू होण्याआधी ती दहा-पंधरा मिनिटं तंबोरा लावते, मधेही हात जातो. यात कुणाला कमीपणा वाटत नाही. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं लावून संपवली आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. जुळवाजुळव इतकी आवडली असेल तर वाजवणं आणखी आवडेल, असं रविशंकर हसत म्हणाले. हा किस्सा नेहमी श्रोत्यांच्या अज्ञानावर सांगितला जातो. मला त्यात दुसरंही दिसतं. वाद्य लावणं हे खुल्या रंगमंचावर, निवांतपणे करायचं काम आहे, हे ते दोघे गृहीत धरून बसले होते.

कारण चांगलं वाद्यही हलतंच. स्टीलची तार दिव्यांच्या उष्णतेनं ५ अंशांनी तापली आणि लाकूड तसंच राहिलं, तर 'जी' सुमारे २० सेंटनं उतरते. पावसाळ्यात पुण्याची हवा ओली झाली की लाकूड पाणी पितं, गळ्याचा बाक बदलतो. म्हणून गळ्याच्या आत ट्रस रॉड नावाची स्टीलची सळई असते. गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांच्या नावावर तिचं पेटंट १९२३ सालचं आहे. दर जून आणि दर नोव्हेंबरला मी ती पाव वेढा इकडे-तिकडे करतो. आजी लोणच्याच्या बरणीचं फडकं बदलायची, तसं.

*

मागच्या दिवाळीत रूममेट पुण्यात आला होता. आता बंगळुरूला असतो, डेटा इंजिनीअर. गिटार स्टँडवर होती. त्यानं उचलली, कुठलंही ॲप न लावता कानानंच तारा जुळवल्या. मी काही बोललो नाही. नंतर तपासल्या, तर एकच तार ४ सेंटनं इकडे होती.

त्यानं एक लांब बेंड केला, सोडला, कॉर्ड वाजवला. पुन्हा केला. मग व्हॅमी बार खाली दाबून सोडला आणि नटकडे बघत बसला.

"हीच का ती?"

"हीच. नट फक्त बदललाय."

"कितीला?"

"बाराशे. सगळं मिळून."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "बंगळुरूत असा कुणी माणूस माहितेय का तुला?" मला माहीत नव्हता. पण नव्या गिटारला हात लावल्यावर काय करायचं ते मी त्याला सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो. ॲम्प लावायच्या आधी तिसऱ्या तारेची खुंटी हळू फिरवा आणि कान नटजवळ न्या. टिंक आवाज आला तर दुकानदाराला नट घासून द्यायला सांगा. मग एक बेंड, एकदा बार, आणि पुन्हा तोच कॉर्ड. तो बदलला असेल तर गिटारला दुरुस्ती हवी आहे. तुमच्या कानाला नाही, कारण बदललेलं तुम्हाला ऐकू आलंय.